शेवटचे चार झोके

मोजी, २ डिसेंबर १९७८

मिनेगिशी वहिनींना नमस्कार.

तुमचं छापील कार्ड काल मिळालं. चौदा जूनला रोकुरो गेले, घरात दुखवटा आहे, म्हणून यंदा नववर्षाच्या शुभेच्छा कळवणार नाही. दोन ओळी. मी त्या कंपनीच्या फाटकात उभ्यानेच वाचल्या. सहा महिने झाले आणि मला काही पत्ताच नाही.

प्रयोगशाळा सोडून मला चौदा वर्षं झाली. इथे बंदरावर माल उतरवायच्या क्रेन बनवतो. क्रेनला टांगलेला खोका झोके घेतो. ते झोके मोटर कशी चालवली म्हणजे थांबतील, हे मी मिनेगिशीदादांकडूनच शिकलो. ते इसोगाई सरांचे सहाय्यक आणि मी त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी. सर वर्गात शिकवायचे, दादा गणकयंत्राशेजारच्या बाकावर. खरं शिक्षण बाकावर झालं.

थोडी संत्री पाठवली आहेत. दादांच्या फोटोपुढे ठेवा. माझ्याजोगं काही काम असेल तर हक्काने सांगा.

तुमचा,
सेकिने मासाया

•

मात्सुमोतो, ९ डिसेंबर १९७८

सेकिने भावजी,

संत्री मिळाली. यांच्या फोटोपुढे एक ठेवलं. बाकीची शेजारणीला दिली.

जूनमध्ये प्रयोगशाळेने पुष्पचक्र पाठवलं होतं. खालच्या पट्टीवर जुन्या विद्यार्थ्यांची नावं होती. सातवं नाव तुमचं. तेव्हा ते 'पत्ताच नाही' राहू द्या.

काम आहे.

यांच्या कपाटात भाताच्या पापड्यांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत पेन रेकॉर्डरच्या, झोक्याची रेघ आपोआप उमटते त्या कागदाची गुंडाळी आणि हाताने लिहिलेली दोन पानं. तारीख नोव्हेंबर १९६१. पहिल्या पानावर जे आहे त्याला आज सगळं जग 'इसोगाई मर्यादा' म्हणतं: मोटरचा जोर इतक्यापर्यंत ठेवा, झोका आपोआप मरेल. अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे. १९६२च्या जुलैत अभियंत्यांच्या मंडळाच्या त्रैमासिकात हेच छापून आलं, एकट्या इसोगाई सरांच्या नावावर. शेवटी बारीक टाइपात, 'आकडेमोडीस मिनेगिशी यांचे साहाय्य झाले.' हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रयोगशाळेत सगळ्यांनाच ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही. माझ्या नवऱ्यानेही नाही. सतरा वर्षं सहाय्यकच राहिले आणि पोटाच्या दुखण्याने गेले. मी त्यांना भित्रा म्हणायचे, तोंडावर.

दुसरं पान छापलेलं नाही. त्यात लिहिलंय की ही मर्यादा छोट्या झोक्यापुरतीच खरी. सुरुवातीचा धक्का मोठा असला तर मोटरची ताकद कमी पडते आणि झोका मरायच्या ऐवजी वाढतो. पुरावा म्हणून गुंडाळी आहे. रेघ छान खाली येते, आणि शेवटचे चार झोके प्रत्येक आधीच्यापेक्षा केसभर मोठे.

छापलेल्या लेखातली आकृती चार याच गुंडाळीवरून ट्रेस केली आहे. तीत हे चार झोके नाहीत. रेघ सपाट होत जाते आणि संपते.

प्रयोगशाळेत ट्रेसिंग माझं काम होतं. पण लग्नासाठी मी फेब्रुवारी ६२मध्ये सोडलं आणि लेख आला जुलैत. माझ्या जागी कोण होतं? ही रेघ कोणी सपाट केली? मला नाव हवं.

मार्चच्या दहा तारखेला इसोगाई सरांचं निवृत्तीचं अखेरचं व्याख्यान आहे. सभागृह भरणार, मंडळाचं सुवर्णपदकही तिथेच. व्याख्यान संपल्यावर पुष्पगुच्छ द्यायला मला बोलावलंय. 'दिवंगत सहाय्यकाच्या पत्नी' म्हणून. बरं दिसतं ना. मी जाणार आहे. फुलांबरोबर गुंडाळीही नेणार आहे.

तोकीए

•

मोजी, २० डिसेंबर १९७८

वहिनी,

पुष्पचक्राचं खरं आहे. मला कळलं होतं. गाडीचं तिकीटही काढलं होतं. आलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटली, एवढंच लिहितो.

पण बाकीच्याबद्दल एक सांगू? त्या काळचे पेन रेकॉर्डर तुम्ही पाहिलेत. शाई संपत आली की पेन थरथरायचं, खाली रस्त्यावरून ट्राम गेली तरी थरथरायचं. 'टोकाला पेन थरथरलंय, सरळ करा' हे रोजचं वाक्य होतं. चार झोक्यांवरून एवढं उभं करू नका. कोणी ट्रेस केलं ते आता कोणाला आठवणार? सतरा वर्षं झाली.

आणि सर वाईट असले तरी त्यांनी पुष्कळांचं भलं केलं. माझ्या नोकरीची चिठ्ठी त्यांचीच. पासष्ट वर्षांचा माणूस, एक दिवस त्याचा असू द्या. दादांनाही हेच वाटलं असतं.

इथे नव्या क्रेनच्या चाचण्या चालू आहेत. सामुद्रधुनीवरचा वारा हाडात शिरतो. तब्येत जपा.

सेकिने

•

मात्सुमोतो, २६ डिसेंबर १९७८

सेकिने भावजी,

माझ्या नवऱ्याला काय वाटलं असतं ते मला तुमच्याकडून कळायला लागलं, छान झालं. सोळा वर्षं एका घरात राहून मला काही लागला नव्हता त्यांचा पत्ता.

पेन थरथरलं की रेघ जाड होते आणि दात्यांसारखी दिसते. ही रेघ दोऱ्यासारखी बारीक आहे आणि झोक्यांचं अंतर शेवटपर्यंत एकसारखं. मी चार वर्षांत दोन हजार आकृत्या ट्रेस केल्या. आजही इथल्या मोजणी कार्यालयात शेतांचे नकाशे ट्रेस करून खाते. मला पेन शिकवू नका.

तुमच्या कंपनीत मोठं गणकयंत्र आहे असं ऐकते. पहिल्या पानावरचे आकडे सोबत पाठवते आहे, आणि गुंडाळीची फोटोकॉपी. धक्का मोठा द्या आणि काय होतं ते बघा. लाज वाटली म्हणता ना? मग लाजेला काहीतरी काम द्या.

दुसरं पान पाठवत नाही. मोठा म्हणजे किती मोठा, कुठल्या वजनाला किती, याचं सगळं कोष्टक त्यात आहे. ते माझ्याकडे राहील.

नाव कळवलं नाहीत. आठवत नाही म्हणता. तुम्हाला खालच्या रस्त्यावरची ट्राम आठवते, पेनाची थरथर आठवते, माणूस तेवढा आठवत नाही.

तोकीए

•

मोजी, १७ जानेवारी १९७९

वहिनी,

चालवून पाहिलं. तीन वेळा. तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाकडून.

दादा बरोबर आहेत. धक्का लहान असला की सगळं पाठ्यपुस्तकासारखं. एका हद्दीपलीकडे गेला की झोका आधी कमी होतो, मिनिटभर स्थिरावल्यासारखा दिसतो, आणि मग वाढू लागतो. कागद यंत्रातून बाहेर आला तेव्हा शेवटचे चार झोके तेच होते. मी जेवायला गेलो नाही.

आता जे लपवलं ते सांगतो. मागच्या पत्रात ज्या नव्या क्रेनबद्दल लिहिलं तिचं नियंत्रण मी बसवलंय. जोर इसोगाई मर्यादेच्या अगदी काठावर ठेवलाय, कारण जितका जोर जास्त तितका खोका लवकर थांबतो आणि तितकी जहाजं लवकर रिकामी होतात. सर आमचे सल्लागार. त्यांनीच सांगितलं, काठापर्यंत जा, गणित पक्कं आहे. एक मार्चपासून ती पूर्ण वजनाने चालेल. खाली माणसं असतील.

मला दुसरं पान हवंय. माझ्या यंत्रावर दिवसाला एक वजन निघतं, तेही वारा सोडून. दादांनी सगळी वजनं आणि वारा धरून कोष्टक केलं असेल, मला खात्री आहे. ते तसेच होते. आणि माझ्या आकडेमोडीला इथे कोण विचारतो? मी साहेबांपाशी नुसता विषय काढला तर म्हणाले, "सेकिने, पाठ्यपुस्तक चुकलं आणि तुझं यंत्र बरोबर आलं? झोप झाली नाही का रात्री?"

पान पाठवा. हात जोडतो.

सेकिने

•

मात्सुमोतो, २२ जानेवारी १९७९

श्री. सेकिने यांस,

नाही.

आज पान तुम्हाला दिलं तर तुम्ही ते साहेबांना दाखवाल. साहेब सल्लागाराला फोन करतील. सल्लागार म्हणतील, "हो, हो, ते माझ्या लक्षात होतंच." आणि दहा मार्चला व्यासपीठावर उभं राहून ते 'इसोगाईंची सुधारित मर्यादा' जाहीर करतील. एकदा त्यांनी पहिलं पान घेतलं. मी दुसरंही त्यांच्या हातात ठेवू? पापडीच्या डब्यातून काढून?

दहा मार्चला सगळ्यांसमोर ते बाहेर येईल. तिथे ते कोणालाच खिशात घालता येणार नाही. अकराला तुमच्याकडे प्रत येईल.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. ती क्रेन दहा दिवस उभी ठेवा. कारण सांगा, बिघाड सांगा, तुम्हाला खोटं बोलता येतं. जमत नसेल तर जोर कमी करा. चार जहाजं उशिरा गेली तर समुद्र आटत नाही.

पुन्हा विचारते, आकृती चार कोणी ट्रेस केली? सभागृहात मला दोन नावं घ्यायची आहेत. ज्याने सांगितलं त्याचं आणि ज्याने केलं त्याचं. दुसऱ्याचीही मला कीव नाही. हातात पेन होतं, समोर खरी रेघ होती, आणि त्याने ती पुसली.

मिनेगिशी तोकीए

•

मोजी, ८ फेब्रुवारी १९७९

वहिनी,

पाच तारखेला अर्ध्या वजनाची चाचणी होती. मी जोर कमी करायला सांगितलं होतं, साहेबांनी लेखी आधार मागितला, तो मी कुठून आणू? दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. त्याच्या एका झोताने खोका ढकलला. क्रेनवर किमोत्सुकी म्हणून आमचे जुने चालक आहेत. झोका कमी होताना पाहून त्यांनी हँडलवरचा हात काढला. रेडिओवर म्हणाले, "बसला बघा, गुणी बाळ." मी खाली घड्याळ धरून होतो. मला माहीत होतं आता काय होणार. ओरडलो, पण वाऱ्यात कोणाला ऐकू गेलं नाही.

चौथ्या झोक्याला खोका दिव्याच्या खांबावर आदळला. किमोत्सुकींनी लाल बटण दाबलं तेव्हा क्रेन झटक्यात थांबली आणि त्यांचं तोंड हँडलवर आपटलं. पुढचे दोन दात गेले, ओठाला सहा टाके पडले. खांबाखाली त्या वेळी कोणी नव्हतं. नेहमी दोघं असतात. ते चहाला गेले होते.

मग मी साहेबांना सगळं सांगितलं. तुमचं नावही. साहेबांनी माझ्यादेखत सरांना फोन लावला, आणि तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. सर जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मोठ्या धक्क्याचं माझ्याकडे आहेच, लिहायचं राहिलं. व्याख्यानात घालतो. आणि आकृतीबद्दल म्हणाल तर ती ट्रेसरची चूक. मी काय प्रत्येक रेघ तपासत बसणार?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या चिटणिसाचा मला फोन आला: मिनेगिशीबाईंकडे जे जुने कागद आहेत ते प्रयोगशाळेची मालमत्ता आहेत, कृपया परत पाठवायला सांगा.

तुम्हाला नाव हवं होतं. घ्या. तुम्ही गेल्यावर ट्रेसिंग माझ्याकडे आलं. आकृती चार मी काढली. सर म्हणाले सरळ करा, मी केली. म्हणून नोकरीची चिठ्ठी मिळाली. सभागृहात माझं नाव घ्या, मी हूं की चूं करणार नाही. पण पान पाठवा. सरांच्या आधी.

सेकिने

•

मात्सुमोतो, १३ फेब्रुवारी १९७९

सेकिने भावजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मला आनंद झाला, हे आधी लिहिते. नाव मिळालं. म्हटलं, वाटलंच होतं. मी लगेच यांच्या कपाटातून ६२चा जुलैचा अंक काढला. तुमचा हात कसा दिसतो ते बघायचं होतं. मोजणी कार्यालयातलं भिंग आणलं.

तुम्हाला हे माहीत नसेल. फ्रेंच कर्व्हची वळणदार पट्टी लावून रेघ ओढताना लांब वळण एका दमात होत नाही. तुकड्या-तुकड्याने होतं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी, पेन जिथे थांबतं तिथे शाईचा बारीक थेंब साठतो. छापल्यावर डोळ्याला दिसत नाही, भिंगाखाली दिसतो. सगळे ट्रेसर डावीकडून उजवीकडे जातात. त्यांचा थेंब तुकड्याच्या उजव्या टोकाला असतो.

आकृती चारमध्ये थेंब डाव्या टोकाला आहेत. अकरा तुकडे, अकराही.

मी डावखुरी. शाळेत हातावर पट्ट्या मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं. घास मी उजव्या हाताने घेते, पाहुण्यांना चहाही उजव्याने देते. पण फ्रेंच कर्व्हवर पेन मी डाव्याच हाताने ओढते, उजवीकडून डावीकडे, कारण ट्रेसरकडे कोणी बघत नाही. प्रयोगशाळेत डावखुरी मी एकटी होते.

लेख जुलैत छापला. आकृत्या डिसेंबरात काढल्या असणार. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. लेखाची तारीख बघून हिशेब करणाऱ्या बाईला सुचायला हवंच होतं.

मी दोन दिवस आठवत बसले. आठवत नाही. दोन हजारांतली एक. एवढंच डोळ्यांपुढे येतं की दुपारी चारच्या सुमाराला सर टेबलाशी यायचे आणि नखाने कागदावर टकटक करून म्हणायचे, "तोकीए-सान, इथे पेन थरथरलंय, सरळ करा." आणि मी म्हणायचे, "हो सर." खोडलेली जागा बोटाने झटकायचे. त्या महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. मी बहुधा गुणगुणत असेन.

म्हणजे यांना माहीत होतं. गुंडाळी यांची, छापलेली आकृतीही यांनी बघितली, आणि माझा हात यांना माझ्याइतकाच ओळखू यायचा. सर जर म्हणाले असते, 'ट्रेसरची चूक', तर ती ट्रेसर कोण? मी इतकी वर्षं या माणसाला भित्रा म्हणत होते. ते भाताची वाटी खाली ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

तुम्हालाही माहीत होतं. दादा झालेल्या माणसाच्या बायकोसाठी खोटं बोललात. चांगलं खोटं होतं, पण तुम्ही उजव्या हाताने लिहिता.

दुसरं पान सोबत आहे. मूळ. कोष्टक वाऱ्यासकट आहे. किमोत्सुकींचे दात माझ्याही नावावर लिहा. त्या दोघांना तहान लागली म्हणून ते वाचले, माझ्यामुळे नाही. मी बावीस जानेवारीला 'नाही' लिहिलं होतं.

आजच मंडळाच्या संपादकांना एक पत्र टाकलं आहे, गुंडाळीच्या आणि दोन्ही पानांच्या प्रतींसह, शिक्का मारून. त्याची नक्कल:

'जुलै १९६२च्या अंकातील आकृती चारमध्ये दुरुस्ती हवी. मूळ आलेखातील शेवटचे चार झोके ट्रेसिंग करताना काढून टाकले गेले. ते मी काढले. मी त्या वेळी प्रयोगशाळेत ट्रेसर होते. माझ्या मनाने मी एकही रेघ बदलली नाही. ती बदलायला मला एकच माणूस सांगू शकत असे, आणि तो या लेखाचा एकमेव लेखक आहे. मोठ्या धक्क्यासाठीची अट सोबत जोडली आहे. ती मिनेगिशी रोकुरो यांची, २९ नोव्हेंबर १९६१ची आहे.'

सरांना ट्रेसर हवी होती ना? मिळाली.

तोकीए

•

मोजी, २० फेब्रुवारी १९७९

वहिनी,

पान मिळालं. त्याच संध्याकाळी कोष्टकाप्रमाणे जोर उतरवला. साहेबांनी लेखी आधार मागितला, मी दादांचं पान टेबलावर ठेवलं आणि खांबाचा फोटो त्यावर ठेवला. सही झाली.

तुम्ही उघड लिहिलंत, मीही लिहितो. ६२च्या जुलैत अंक आला त्या दिवशी दादा मला नूडल्सच्या गाड्यावर घेऊन गेले. सरांकडे जाऊन आले होते. सर त्यांना म्हणाले होते, "जाहीर करायचंय? कर की. मग रेघ कोणी पुसली तेही जाहीर होईल. नवीन संसार आहे तुझा, बघ बाबा." दादांनी वाटीतलं सगळं संपवलं, रस्साही प्यायले, आणि म्हणाले, "तिला कळता कामा नये. ती चांगली ट्रेसर आहे." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

मी तुमच्यासाठी गप्प बसलो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. दोन वर्षांनी सरांनी मला चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही. गप्प बसण्याची ती किंमत होती हे दोघांनाही ठाऊक होतं. काठावर जोर ठेवताना मला आकृती चार आठवली होती. मनाला म्हटलं, पेन थरथरलं असेल.

काल सरांचा स्वतःचा फोन आला. संपादकांनी तुमचं पत्र त्यांच्याकडे खुलाशासाठी पाठवलंय. आवाज खाली आलाय. म्हणाले, "सेकिने, वहिनींना समजाव. 'इसोगाई–मिनेगिशी मर्यादा' असं करून टाकू, दोघांच्या नावाने. पाठ्यपुस्तकात तसंच जाईल. त्या पत्र मागे घेतील, ट्रेसिंगचं कुठे येणार नाही, त्यांचीही अब्रू राहील. मेलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं?"

मी निरोप पोचवला. माझं मत विचारू नका.

सेकिने

•

मात्सुमोतो, १२ मार्च १९७९

सेकिने भावजी,

जोडनाव मला नको होतं. सरांना मी उत्तरच पाठवलं नाही. त्यांना वाटलं असावं की विचार चालू आहे.

माझं नाव कार्यक्रमपत्रिकेतून ते काढतील अशी माझी समजूत होती. पण पत्रिका छापून झाली होती. छापलेलं बदलायचं म्हणजे कारण सांगावं लागतं.

सभागृह भरलं होतं, भिंतीला टेकून विद्यार्थी उभे. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष आणि संपादक. सर दीड तास बोलले. आवाज अजून चांगला आहे. मोठ्या धक्क्याबद्दल एक शब्द नाही, जुनी मर्यादाही त्यांनी घाईघाईने उरकली. पण आकृती चार पडद्यावर दाखवावीच लागली. तिच्याशिवाय ते व्याख्यान उभं राहत नाही. माझी रेघ पुरुषभर उंचीची झाली होती. सुंदर होती. इतक्या लांबून थेंब दिसत नाहीत. संपादक पडद्याकडे बघत नव्हते, सरांकडे बघत होते.

मी फुलं घरूनच बांधून नेली होती. पिवळी शेवंती. चिटणीस मुलगी म्हणाली, "अय्या काकू, आम्ही आणली होती की! आणि हा कसला कागद गुंडाळलाय? आमचा सोनेरी आहे, तो लावू?" मी म्हटलं, "राहू दे गं. हा सरांच्या ओळखीचा आहे."

गुंडाळीचा शेवटचा मीटर मी दांड्यांभोवती लपेटला होता. मूळ कागद. आलेखाच्या चौकटी बाहेरच्या बाजूला, शेवटचे चार झोके बरोबर पुढे. त्यावरून रेशमी फीत बांधली, झोक्यांच्या खाली, म्हणजे झाकायला नको.

मी पायऱ्या चढले, वाकले, दोन्ही हातांनी गुच्छ दिला. सर हसत पुढे झाले आणि घेताना त्यांनी खाली बघितलं. त्यांनी तो कागद सतरा वर्षांनी पाहिला, पण त्यांना वाचायला वेळ लागला नाही. हसू तसंच राहिलं. फक्त हनुवटी हलायला लागली. मला हळूच म्हणाले, "तोकीए-सान, हे इथे नको." मी तितक्याच हळू म्हटलं, "इथे पेन थरथरलंय सर. सरळ करून देऊ?"

फोटोवाला ओरडत होता, "सर, गुच्छ वर! अजून थोडा वर!" टाळ्या थांबत नव्हत्या. गुच्छ खाली ठेवता येत नव्हता आणि उलटा धरता येत नव्हता. त्यांनी तो वर धरला. छातीशी, पदकाशेजारी. फोटोवाल्याने तीन फोटो काढले.

खाली उतरल्यावर संपादक माझ्यापाशी येऊन उभे राहिले. दुरुस्ती एप्रिलच्या अंकात जाते आहे, माझ्या सहीने, एक शब्दही न गाळता. मोठ्या धक्क्याची अट माझ्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने. मोजणी कार्यालयातल्या वरिष्ठांना मी आधीच सांगून टाकलं आहे की मी रेघ पुसणारी बाई म्हणून ओळखली जाईन, ठेवायचं तर ठेवा. त्यांनी विचार करायला आठवडा मागितला आहे.

किमोत्सुकींना भेटायला मी पुढच्या महिन्यात मोजीला येईन. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. तुम्ही स्टेशनावर येऊ नका, पत्ता तेवढा पाठवा.

गौरवग्रंथात पहिल्या पानावर तो फोटो जाणार आहे. चिटणीस मुलीने मला प्रत पाठवायचं कबूल केलं आहे. मी तिला विचारलं, मोठा छापणार का? म्हणाली, पूर्ण पान.

पूर्ण पानावर झोके मोजता येतील. चार आहेत.

तोकीए